चिप कारखान्यात जाण्याआधीच तिच्यातली चूक पकडायची कशी?

सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या सेमिकॉन इंडिया या चिप उद्योगाच्या प्रदर्शनात ‘विक्रम ३२०१’ हा अंतराळ मोहिमांसाठी बनवलेला ३२ बिटांचा प्रोसेसर पंतप्रधानांना भेट देण्यात आला आणि ‘भारतीय चिप’ हे शब्द सगळ्यांच्या तोंडी झाले. बातम्यांत चर्चा होते ती कारखान्यांची, गुंतवणुकीची, नॅनोमीटरची. पण चिप कारखान्यात जाण्याआधी तिच्या डिझाइनमध्ये चूक नाही ना, हे तपासायला डिझाइन टीमला जो वेळ द्यावा लागतो, त्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. या तपासणीचा एक नवा मार्ग आता चांगला रुळतो आहे. सॉफ्टवेअर तपासण्यासाठी बनवलेली टूल्स हार्डवेअरवर लावायची, असा हा मार्ग आहे. यातल्या एका महत्त्वाच्या निकालात पुण्यात तयार झालेलं टूल आघाडीवर आहे, म्हणून मराठी वाचकाला हा विषय जरा नीट माहीत असायला हवा.

चिपमधली चूक एवढी महागात का पडते?

मोबाइलच्या ॲपमध्ये बग निघाला तर आठवड्याभरात अपडेट येतं. चिपमध्ये मात्र डिझाइन सिलिकॉनवर कोरलेलं असतं. काही प्रोसेसरांत थोड्या चुका मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या बारीक सूचना, बदलून झाकता येतात, पण सगळ्या नाही.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण १९९४ चं. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली जुळ्या मूळ संख्यांवर काम करत होते. इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरवर त्यांची उत्तरं जुळेनात. शोध घेता घेता ते भागाकारापर्यंत पोचले. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागलं की १.३३३८२ यायला हवं, पेंटियम १.३३३७३ दाखवत होता. भागाकार करताना चिप एका तक्त्यातून पुढचा अंक उचलत असे. त्या तक्त्यात जिथे +२ हवा होता, त्यातल्या पाच रकान्यांत ० राहिला होता आणि त्यामुळे उत्तर बिघडत होतं. इंटेलच्याच हिशेबाने, वाटेल तशा संख्या घेऊन केलेल्या नऊ अब्ज भागाकारांत एखादाच चुकायचा. तरीही कंपनीला चिपा बदलून द्याव्या लागल्या आणि ४७.५ कोटी डॉलरचा खर्च हिशेबात धरावा लागला.

भरपूर टेस्टिंग केलं की झालं, असं का नाही?

नऊ अब्जांत एक, हा आकडा लक्षात ठेवा. चिपचं डिझाइन आधी संगणकावर चालवून बघतात. याला सिम्युलेशन म्हणतात. वेगवेगळी इनपुट द्यायची आणि उत्तर बरोबर येतं का ते पाहायचं. पण दोन ३२ बिटांच्या संख्या घेणाऱ्या साध्या सर्किटच्या सगळ्या इनपुट-जोड्या तपासायच्या म्हटलं, तर सेकंदाला एक अब्ज या वेगानेही सुमारे ५८५ वर्षं लागतील. संख्या ६४ बिटांच्या असतील तर वर्षांचा आकडा लिहायला एकापुढे बावीस शून्यं द्यावी लागतात. शिवाय प्रत्यक्षातलं सिम्युलेशन या वेगाच्या जवळपासही जात नाही.

त्यात बहुतेक सर्किटांना स्मृती असते. आत्ताचं इनपुट सारखंच असलं तरी आधी काय घडून गेलं, यावर उत्तर ठरतं. म्हणजे नुसत्या इनपुटच्या जोड्या तपासून भागत नाही, इनपुटच्या मालिका तपासाव्या लागतात. दुसरा रस्ता गणिती पडताळणीचा. तिथे एकेक इनपुट चालवून बघत नाहीत. ‘चूक घडवणारी एकही मालिका अस्तित्वात आहे का?’ हा प्रश्न एखाद्या समीकरणासारखा सोडवतात.

चिपचं डिझाइन म्हणजे तरी काय?

आजचा डिझायनर ट्रान्झिस्टर काढत बसत नाही. तो मजकूर लिहितो, बहुधा व्हेरिलॉग नावाच्या भाषेत. कोणती माहिती कुठल्या रजिस्टरमध्ये आहे आणि क्लॉकच्या पुढच्या ठोक्याला तिचं काय होणार, हे त्यात लिहिलेलं असतं. रजिस्टर म्हणजे काही बिट लक्षात ठेवणारी जागा. क्लॉक म्हणजे संपूर्ण सर्किटला एकाच वेळी हलवणारा ठोका. हा मजकूर दिसायला बराचसा सॉफ्टवेअर लिहायच्या सी भाषेतल्या प्रोग्रामसारखा असतो. मग सी तपासायची टूल्स इथे का वापरू नयेत, हा प्रश्न त्यातूनच येतो.

एक छोटं, पण खरोखर चिपांमध्ये जागोजागी असणारं सर्किट घेऊ: फिफो. एका बाजूने डेटा येतो, दुसऱ्या बाजूने जातो, मध्ये आठ जागांची रांग. कॅमेऱ्याकडून येणारा डेटा मेमरीकडे पाठवताना अशी रांग लागते. तिचा हिशेब ठेवणारा भाग मराठीत लिहिला तर असा दिसेल (← म्हणजे ‘पुढच्या ठोक्याला ही किंमत घे’):

लिहिलं = लिही आणि (भरली नाही)
वाचलं = वाच आणि (मोजणी शून्य नाही)
मोजणी ← मोजणी + लिहिलं − वाचलं
भरली ← (मोजणी बरोबर ८ आहे का)

‘लिही’ आणि ‘वाच’ ही बाहेरून येणारी इनपुट. ‘मोजणी’ चार बिटांचं रजिस्टर, ‘भरली’ एका बिटाचं. दोन्ही सुरुवातीला शून्य. नियम एकच: मोजणी ८ च्या वर जाता कामा नये. अशा नियमाला असर्शन म्हणतात.

यात बग आहे. सलग आठ ठोके नुसतं लिहीत राहा. आठव्या ठोक्याला मोजणी ७ ची ८ होते. पण त्याच ठोक्याला ‘भरली’ची किंमत जुन्या मोजणीवरून, म्हणजे ७ वरून ठरते, म्हणून ती शून्यच राहते. नवव्या ठोक्याला रांग गच्च भरलेली असूनही सर्किटला ते माहीत नसतं. ते आणखी एक लेखन स्वीकारतं आणि मोजणी ९ होते. प्रत्यक्षात तेव्हा रांगेतला एक जुना डेटा पुसला जातो. ही फट फक्त एका ठोक्याची आहे. सिम्युलेशनमध्ये वाचणारी बाजू पटापट वाचत असेल, तर रांग कधी भरणारच नाही आणि बग महिनोन् महिने लपून राहील.

व्हेरिलॉगचं सी करताना घोळ कुठे होतो?

कल्पना सोपी आहे. रजिस्टरांची सी मधली व्हेरिएबलं करायची, सगळं एका न संपणाऱ्या लूपमध्ये घालायचं. लूपची एक फेरी म्हणजे क्लॉकचा एक ठोका. प्रत्येक फेरीत ‘लिही’ आणि ‘वाच’ यांना ‘काहीही असू शकेल’ अशी किंमत द्यायची. हे तपासणाऱ्या टूलला कळतं, ते दोन्ही शक्यता धरून चालतं. फेरीच्या शेवटी असर्शन लिहायचं.

पण वरच्या चार ओळी जशाच्या तशा सी मध्ये उतरवल्या, तर बग गायब होतो. सी एका वेळी एक ओळ चालवतं. तिसऱ्या ओळीत मोजणी बदलली की चौथ्या ओळीला नवीन मोजणी दिसते आणि ‘भरली’ वेळेवर १ होते. तपासणी पास होते, चिप मात्र चुकीचीच राहते. हार्डवेअर लेझीमच्या पथकासारखं चालतं. हलगीच्या ठोक्यावर सगळे एकदमच हलतात आणि प्रत्येक जण शेजाऱ्याची आधीची जागा धरून पाऊल टाकतो. सी मध्ये तसं करायचं तर आधी सगळ्या नवीन किमती तात्पुरत्या व्हेरिएबलांत काढून ठेवाव्या लागतात आणि फेरीच्या शेवटी एकत्र रजिस्टरांत भराव्या लागतात. हाताने भाषांतर करणाऱ्यांचा पाय सगळ्यात जास्त इथेच घसरतो.

दुसरा घोळ बिटांच्या रुंदीचा. चार बिटांच्या रजिस्टरात १५ मध्ये १ मिळवला की शून्य येतं. सी मध्ये चार बिटांचा साधा प्रकार नाही, आठ बिटांचा वापरला तर १६ येतं. म्हणून प्रत्येक गणितानंतर वरचे बिट छाटावे लागतात.

तिसरा फारच फसवा आहे. एका बिटाचं उलट करताना सी ती संख्या आधी मोठ्या पूर्णांकात बदलतं आणि मग सगळे बिट उलटवतं. १ चं उलट शून्य यायला हवं, येतं −२. सी च्या दृष्टीने शून्य नसलेली कुठलीही संख्या ‘खरी’, म्हणून ‘भरली नाही’ ही अट रांग भरलेली असतानाही खरी ठरते. इथेही शेवटचा बिट सोडून बाकीचे छाटणं हाच उपाय.

आणि शिफ्ट, म्हणजे संख्येचे बिट डावी-उजवीकडे सरकवणं. ३२ बिटांची संख्या ३२ किंवा जास्त घरं सरकवली तर व्हेरिलॉगमध्ये शून्य मिळतं. सी च्या नियमांत त्याचा अर्थच ठरलेला नाही, कंपायलर (सी प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम) काहीही करू शकतो.

म्हणूनच हे भाषांतर हाताने करू नये. त्यासाठी टूल्स आहेत. योसिस हे मोफत टूल व्हेरिलॉग वाचून बीटॉर-२ नावाच्या मधल्या रूपात लिहून देतं. त्यात प्रत्येक संख्येची रुंदी आणि प्रत्येक क्रियेचा अर्थ काटेकोर ठरलेला असतो. बीटॉर-२-सी हे दुसरं टूल त्याचं सी मध्ये रूपांतर करतं.

मग तपासणारं टूल नेमकं काय करतं?

सीबीएमसी हे सी साठीचं प्रसिद्ध टूल आहे. ते प्रोग्राम चालवत नाही. लूप ठरावीक वेळा उलगडतं, प्रत्येक फेरीतल्या प्रत्येक किमतीला वेगळं नाव देतं (मोजणी-१, मोजणी-२, मोजणी-३...) आणि त्यांच्यातले संबंध खऱ्या-खोट्याच्या एका प्रचंड सूत्रात मांडतं. शेवटी जोडतं: ‘आणि असर्शन कुठेतरी मोडलेलं आहे’. हे सूत्र सॅट सॉल्व्हरकडे जातं. सूत्र खरं ठरेल अशा किमती आहेत का, हे शोधणारा प्रोग्राम म्हणजे सॅट सॉल्व्हर. किमती मिळाल्या तर तीच बग घडवणारी इनपुटची मालिका. नाही मिळाल्या तर तेवढ्या फेऱ्यांत बग नाही.

आपल्या फिफोत नऊ ठोक्यांची १८ इनपुट बिट होतात, म्हणजे २,६२,१४४ शक्यता. एवढ्या तर चालवूनही बघता येतील. पण शंभर इनपुटांच्या सर्किटला पन्नास ठोके दिले की मोजणीच हाताबाहेर जाते. सॅट सॉल्व्हर शक्यता मोजत बसत नाही. एका ठिकाणी अडला की का अडला ते शिकतो आणि त्याच कारणाने अडणाऱ्या लाखो शक्यता एका झटक्यात बाद करतो.

या पद्धतीची मर्यादा आपल्या उदाहरणातच दिसते. आठ फेऱ्या उलगडल्या तर टूल म्हणेल, ‘चूक सापडली नाही.’ नऊ उलगडल्या की सापडते. आठ फेऱ्यांवर थांबून ‘चिप बरोबर आहे’ असं जाहीर करणं घातक आहे.

कितीही ठोक्यांसाठी खात्री हवी असेल तर दहावीनंतर गणितात शिकलेली आगमन पद्धत, म्हणजे इंडक्शन, कामी येते. सुरुवातीला नियम पाळला जातो हे तपासा. मग कुठल्याही एका स्थितीत तो पाळला जातो असं धरा आणि पुढच्या ठोक्यालाही तो पाळला जातो हे दाखवा. समजा आपण बग दुरुस्त केला आणि ‘भरली’ नवीन मोजणीवरून ठरवली. डिझाइन आता बरोबर आहे. तरी इंडक्शन फसतं. टूल दाखवतं की मोजणी ८ आणि ‘भरली’ शून्य अशा स्थितीतून सुरुवात केली तर पुढे ९ होते. ही स्थिती सर्किटमध्ये कधी येतच नाही, पण टूलला ते माहीत नसतं. अशा वेळी दोन उपाय असतात. ‘भरली असेल तर आणि तरच मोजणी ८’ हा आधाराचा नियम आपण लिहून द्यायचा. किंवा लागोपाठच्या दोन स्थितींत नियम पाळला गेला असं धरून तिसरी तपासायची. इथे दोन पुरतात, कारण एका ठोक्यातच मोजणी आणि ‘भरली’ यांचा मेळ बसतो. याला के-इंडक्शन म्हणतात. खऱ्या प्रकल्पांत इंजिनिअरचे दिवसचे दिवस असे आधाराचे नियम शोधण्यात जातात.

हार्डवेअरची स्वतःची टूल्स असताना हा खटाटोप कशाला?

प्रश्न रास्त आहे. मॉडेल चेकिंग, म्हणजे स्थिती तपासत जाण्याची ही विद्या १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एडमंड क्लार्क, ॲलन इमर्सन आणि जोसेफ सिफाकिस यांनी रुजवली. त्यासाठी त्यांना २००७ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. हार्डवेअरच्या उद्योगाने ती लवकर उचलली.

पण हार्डवेअरची अनेक टूल्स डिझाइन फोडून सुट्या बिटांपर्यंत नेतात. ३२ बिटांची संख्या मग ३२ वेगळ्या तारा होते आणि ‘ही संख्या कधीच शंभराच्या वर जात नाही’ यासारखी साधी गोष्ट त्या जंजाळात हरवते. सॉफ्टवेअरची टूल्स संख्येला संख्या म्हणूनच बघतात. तिची किंमत कुठून कुठपर्यंत जाऊ शकते, दोन संख्यांत काय नातं आहे, लूप कोणत्या घाटाचा आहे, हे ती आधी शोधतात.

दुसरं कारण मला जास्त वजनदार वाटतं. आजच्या चिपमध्ये हार्डवेअर आणि फर्मवेअर, म्हणजे ते चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, यांच्या सीमेवर पुष्कळ चुका होतात आणि फर्मवेअर बहुधा सी मध्येच असतं. हार्डवेअरही सी मध्ये आलं की दोन्ही एकाच प्रोग्राममध्ये बसवून तपासता येतात.

हे कागदावरचं बोलणं नाही. २०२३ मध्ये म्युनिकच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी बीटॉर-२-सी मांडलं आणि हार्डवेअर पडताळणीच्या स्पर्धेतली डिझाइन्स सी मध्ये बदलून सॉफ्टवेअरच्या टूल्सना दिली. त्या प्रयोगांत व्हेरिॲब्स या टूलने एबीसी आणि एव्हीआर या हार्डवेअरच्या सर्वोत्तम टूल्सपेक्षा जास्त बग शोधले. व्हेरिॲब्स तयार झालं टीसीएसच्या पुण्यातल्या संशोधन केंद्रात. सी प्रोग्राम तपासण्याच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेतही ते गटात पहिलं आलेलं आहे. समोरच्या प्रोग्राममधले लूप कसे आहेत ते पाहून कोणती पद्धत लावायची, हे ते ठरवतं. हार्डवेअरची जुनी टूल्स यामुळे निकालात निघत नाहीत. दोन्हींना वेगवेगळे बग सापडतात, म्हणून दोन्ही चालवावीत.

टूलमध्येच चूक असेल तर?

‘बग आहे’ असं उत्तर आलं तर पडताळणी सोपी: टूलने दिलेली इनपुटची मालिका मूळ व्हेरिलॉगच्या सिम्युलेशनमध्ये चालवा. तिथे नियम मोडला तर बग खरा. मोडला नाही तर भाषांतरात किंवा टूलमध्ये गडबड आहे. ‘बग नाही’ या उत्तरासाठी आजचे सॅट सॉल्व्हर पुराव्याची फाइल लिहून देतात. ती फाइल दुसऱ्याच, अगदी लहान प्रोग्रामने तपासता येते.

पडताळणी पास झाली म्हणजे चिप निर्दोष?

नाही. टूल फक्त विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतं. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरांमधल्या सुरक्षेच्या त्रुटी जाहीर झाल्या. त्या प्रोसेसरांची गणितं बरोबर होती. पण एखादी क्रिया किती वेळ घेते यावरून गुप्त माहिती बाहेर कळता कामा नये, असा नियम तपासणीत नव्हताच.

आणखी एक धोका गृहीतकांचा. ‘लिही आणि वाच कधी एकदम येत नाहीत’ असं आपण टूलला सांगू शकतो. चुकून परस्परांना छेद देणारी दोन गृहीतकं लिहिली तर एकही इनपुट शिल्लक राहत नाही आणि प्रत्येक असर्शन क्षणात पास होतं. यावर एक सवय लावून घ्यावी: कधीतरी खरी व्हायलाच हवी अशी गोष्ट, जसं ‘मोजणी ८ होते’, टूलला घडवून दाखवायला सांगायची. ते दाखवू शकलं नाही तर गृहीतकं तपासायची.

मोठे गुणाकार असलेली सर्किटं अजूनही या टूल्सना जड जातात. कारखान्यातले उत्पादनदोष, तापमान, विजेचा दाब, तारांमधली दिरंगाई यांचं तर इथे नावही नाही. त्यांच्या चाचण्या वेगळ्या आणि त्या कराव्याच लागतात.

स्वतः करून बघायचं असेल तर

योसिस आणि सीबीएमसी दोन्ही मोफत आहेत आणि साध्या लॅपटॉपवर चालतात. वरचा फिफो व्हेरिलॉगमध्ये लिहा, रीसेटची स्थिती, म्हणजे सुरुवातीला दोन्ही रजिस्टरं शून्य, हे स्पष्ट द्या. ती विसरलात तर टूल मोजणी १३ पासूनही सुरुवात करेल आणि पहिल्याच ठोक्याला खोटा बग दाखवेल. मग बीटॉर-२ आणि तिथून सी. सीबीएमसीला लूप उलगडण्याची मर्यादा १२ द्या आणि पूर्ण मालिका छापायला सांगा. ‘अनवाइंडिंग असर्शन’ नापास झाल्याचा संदेश आला तर घाबरू नका. लूप दिलेल्या मर्यादेच्या पुढेही चालू आहे एवढंच तो सांगतो, आणि न संपणाऱ्या लूपला तो येणारच. खरा बग वेगळ्या ओळीत दिसेल. त्याखाली ठोक्यागणिक ‘लिही’, ‘वाच’, ‘मोजणी’ आणि ‘भरली’ यांच्या किमती छापलेल्या असतील. त्या वाचताना ‘भरली’ एक ठोका उशिरा बदलते हे लगेच दिसतं. दुरुस्ती करून तीच आज्ञा पुन्हा चालवा, आणि त्यानंतर रांग आठऐवजी सोळा जागांची करून ‘मोजणी’ चारच बिटांची ठेवली तर काय होतं तेही पाहा: १५ नंतर मोजणी शून्यावर येते, ‘१६ च्या वर जाऊ नये’ हे असर्शन बिनबोभाट पास होतं आणि रांग भरलेली असताना सर्किट तिला रिकामी समजतं.